शेतात तलावाचा गाळ टाकायला १५ वर्षांचा स्वस्त टिपर घ्यावा का? (महू, इंदूर)

घ्या, पण चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) धड असेल आणि कागद चालू असतील तरच. इंजिनाचं काम नंतरही करता येतं. देवास नाक्यावर जुन्या गाड्या पारखण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. टिपर मरतो तो चॅसीत, कारण ओला गाळ दिसतो त्यापेक्षा फार जड भरतो. हौद्याच्या बिजागरीपाशी आणि हौदा उचलणाऱ्या जॅकच्या बैठकीपाशी वेल्डिंगचे थर किंवा ताजा काळा रंग दिसला, तर बयाणा देऊ नका. भरलेला हौदा वर उचलून दहा मिनिटं तसाच ठेवा (खाली कुणी जायचं नाही). आपोआप उतरू लागला तर जॅक गेलेला. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा, धुराचे भपकारे आले की पिस्टनच्या रिंगा संपल्या समजा.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ (बँकेचा बोजा उतरवण्याचा) आधी, पैसे नंतर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

एक मात्र आहे: तलाव ते शेत मध्ये सार्वजनिक रस्ता लागत असेल, तर विमा आणि फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र) हवंच. आठ वर्षांपुढच्या मालगाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि १५ वर्षांनंतर फीही बरीच चढते. फक्त एका उन्हाळ्याचं काम असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानेच लावा.