नको म्हटलं की नकोच: अमेरिकेत शिकणाऱ्यांचे प्रश्न

फॉल सेमिस्टर तोंडावर आलं की पत्रांचा ओघ वाढतो. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम करते. उत्तरं तिथे रोज समोर दिसतं त्यावरूनच दिली आहेत.

प्रश्न: मास्टर्ससाठी टेक्सासला चाललोय. तिथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात म्हणे. माझ्या तोंडून ते निघणारच नाही. ‘सर’ चालेल का? (सांगली)

चालेल. पण ईमेलमध्ये ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव लिही, ते कुठेच चुकत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ नको. वाचणाऱ्या बाई असू शकतात. ‘मला नावानेच हाक मार’ असं त्यांनी आपणहून सांगितलं तर मात्र मार, तो त्यांनी दाखवलेला आपलेपणा असतो. शेजारच्या वडीलधाऱ्यांना लगेच काका-मावशी करू नकोस, पुष्कळांना त्यात स्वतःचं वय ऐकू येतं. नातं रुजल्यावर गोष्ट वेगळी. १८८३ साली आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या, कार्पेंटरबाईंना त्या मावशीच म्हणत.

आणि वाटेत कोणी ‘हाउ आर यू’ म्हणून न थांबता पुढे गेलं तर मनाला लावून घेऊ नकोस. तो आपला ‘काय, बरं ना?’ आहे.

प्रश्न: थँक्सगिव्हिंगला आमच्या प्राध्यापकांनी घरी जेवायला बोलावलं. ‘आणखी घेणार?’ विचारलं, मी ‘नको’ म्हटलं, तर त्यांनी खरंच भांडं पुढच्या माणसाकडे सरकवलं. शाकाहारी असल्यामुळे तसंही थोडंच खाता आलं होतं. उपाशी परतले. माझं काय चुकलं? (मूळची नाशिकची, सध्या ओहायो)

तुझं काही चुकलं नाही, आणि त्यांचंही नाही. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतोच. वाढणारी ‘अगं घे की, एकच’ म्हणणार, आपण ताटावर हात आडवा धरणार, आणि बोटांच्या फटीतून पुरणपोळी ताटात पडणार. जेवणाऱ्याने संकोच करायचा आणि वाढणाऱ्याने तो मोडायचा, हे दोघांनाही पाठ असतं. इथे मात्र मोठ्या माणसाला स्वतःची भूक कळते असं धरून चालतात. एकदा ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्या शब्दावर विश्वास न ठेवणं. त्यात तुटकपणा नसून आदर असतो, हे उमगायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. पहिल्या खेपेलाच ‘हो, आवडेल’ म्हण. त्यात हावरटपणा दिसत नाही, रांधणाऱ्याला बरंच वाटतं.

शाकाहारी असल्याचं निमंत्रण स्वीकारतानाच सांगायचं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं हे जेवण टर्की या पक्ष्याच्या मांसाभोवती रचलेलं असतं. ग्रेव्हीत तर मांसाचा रस असतोच, पण स्टफिंगमध्येही तो असू शकतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर भागत नाही. मासे, अंडी, चिकनचं सूप यांपैकी काय चालत नाही ते नाव घेऊन सांग. आधी कळलं तर बहुतेक घरी आनंदाने वेगळं काही करतात. ‘मी काय आणू?’ असंही विचार. ‘काही नको’ म्हणाले तरी फुलं किंवा मिठाईचा छोटा डबा ने. सहाची वेळ असेल तर सहा ते सहा-दहाच्या दरम्यान दार वाजव, पावणेसहाला नाही. न विचारता मैत्रिणीला सोबत नेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी आभाराच्या चार ओळी पाठव.

प्रश्न: टिप द्यावीच लागते का? (पिंपरी)

टेबलावर बसून जेवलास आणि कोणी वाढलं, तर द्यायचीच. बिलाच्या १५ ते २० टक्के. टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्यात १९९१पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबलं आहे. इतरांसाठी तो आकडा ७.२५ आहे. टिप धरून तेवढे भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो. बऱ्याच राज्यांत दर याहून चांगले आहेत, तरी पुष्कळ वेटरांचं घर टिपेवरच चालतं. खिशाला जड जात असेल तर पार्सल घे किंवा घरी शिजव, पण टेबलावरून टिप न देता उठू नकोस. काउंटरवर कॉफी घेताना पडद्यावर जे आकडे येतात ते ऐच्छिक.

प्रश्न: मित्राला प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट जमत नव्हती म्हणून मी माझा कोड ‘फक्त बघायला’ दिला. आता आम्हा दोघांनाही अकॅडेमिक इंटेग्रिटीच्या कार्यालयाचं पत्र आलंय. मी तर कॉपी केलीच नाही! (मूळचा छत्रपती संभाजीनगरचा, सध्या इलिनॉय)

तुझं पत्र वाचून पोटात कालवलं. अशी मुलं दर सेमिस्टरला माझ्यासमोर येऊन बसतात, आणि त्यांतली बहुतेक सरळमार्गी असतात. आपल्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल दहा खोल्या फिरतं, काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंग शीटची जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारली जाते. जो देत नाही तो स्वार्थी ठरतो. इथे देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, आणि हे बहुतेक विद्यापीठांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असतं. व्हेरिएबलची नावं बदलली तरी ‘मॉस’सारखी सॉफ्टवेअरं कोडमधलं साम्य दाखवतात.

आता हे कर. पत्राला मुदतीच्या आत उत्तर दे. जे घडलं ते तारखांसह लिही: कोड कधी दिला, कसा दिला, का दिला. मित्राशी ठरवून गोष्ट रचू नकोस; मूळ चुकीपेक्षा ते जास्त महागात पडतं. तुमच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आजच जा, निकालाची वाट बघू नकोस. निलंबन झालं तर पूर्णवेळ शिक्षण थांबतं आणि त्याबरोबर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाचा दर्जाही धोक्यात येतो.

पुढच्यासाठी सांगते. किती चर्चा चालते ते प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये बघ. लिहिलेलं नसेल तर ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. बोलायची मुभा असली तरी फाइल द्यायची नाही. मित्राला खरी मदत करायची तर त्याला हाताला धरून ऑफिस अवर्सला ने. ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे साहेब कामात आहेत, असं आपल्याकडून आलेल्या कितीतरी मुलांना वाटतं. ती वेळ मुलांसाठीच राखलेली असते, आणि कित्येकदा प्राध्यापक एकटेच बसून असतात. कोणी बोलावणार नाही, आपण जायचं.

प्रश्न: मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं. दोन महिने तो नीट बोलत नाही, म्हणून विद्यापीठाला गुण विचारले, तर सांगत नाहीत. आई-वडिलांना एवढाही हक्क नाही? (पुणे)

ताई, तुमचा जीव तुटतोय हे कळतं. पण १९७४च्या ‘फेर्पा’ कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. त्याने लेखी संमती दिली तर विद्यापीठ तुमच्याशी बोलू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते तुम्हाला सांगू शकले नाहीत तरी तुमचं ऐकून घेऊ शकतात. मुलाची खरंच काळजी वाटत असेल तर फोन करा आणि ‘तो खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही’ असं जे दिसतंय ते सांगा. आमच्यासारख्या कार्यालयातून कोणीतरी जाऊन त्याची विचारपूस करतं. त्याच्याशी बोलताना गुणांचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा.

प्रश्न: फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो आणि रूममेट वैतागतो. काय करू? (कोल्हापूरहून बॉस्टनला गेलेला)

डिटेक्टरवर पिशवी बांधायचा सल्ला सीनिअर देतील, तो ऐकू नकोस; दंड तर होतोच, जीवही जाऊ शकतो. खिडकी उघड, शेगडीवरचा पंखा आधी लाव, आच मध्यम ठेव, आणि मोहरी तडतडू लागली की झाकण ठेव. लाल तिखट तेलात जाळू नकोस, पाणी घातल्यावर टाक. रूममेटला वासाबद्दल तूच आधी विचार. त्याने तोंडावर ‘त्रास होतो’ म्हटलं तर तो भांडण काढत नाहीये. दोघांत वेळ ठरवून घ्या. तरीही अलार्म वाजलाच तर शेगडी बंद कर, सगळ्यांबरोबर जिन्याने खाली उतर, आणि अग्निशमन दलाने परवानगी देईपर्यंत आमटी बघायला वर जाऊ नकोस.