वाचकांचे प्रश्न : आमदारकीचा अर्ज अडतो कुठे?

प्रश्न : विक्रोळीच्या मतदारयादीत माझं नाव आहे. पुढच्या विधानसभेला घाटकोपर पश्चिममधून अपक्ष उभं राहायचा विचार आहे. चालेल का? अर्ज बाद होऊ नये म्हणून काय सांभाळावं? – एक वाचक, विक्रोळी

चालेल. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं आणि वय 25 पूर्ण असलं की पुरे. मात्र नाव दुसरीकडचं असल्यामुळे मतदारयादीचा प्रमाणित उतारा जोडावा लागेल. तो निवडणूक कार्यालयातून आधीच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी त्यासाठी धावपळ करणारे पुष्कळ भेटतात. (मुंबईच्या 36 जागांपैकी धारावी आणि कुर्ला अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे जातीचा दाखलाही लागतो. घाटकोपर पश्चिमला तो प्रश्न नाही.)

अपक्षाचा अर्ज सगळ्यात जास्त फसतो तो सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तुम्हाला दहा लागतील आणि ते दहाही घाटकोपर पश्चिमचेच मतदार हवेत. मुंबईत इथेच घोळ होतो. माणूस वर्षानुवर्षं त्या चाळीत राहिलेला असतो, पण इमारत पुनर्विकासाला गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात हललं आणि नाव शेजारच्या मतदारसंघात गेलं, हे त्यालाही ठाऊक नसतं. दहातला एक जरी बाहेरचा निघाला तरी तो अर्ज बाद. म्हणून ओळखपत्रावर विसंबू नका. ताज्या यादीत प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पाहून लिहा. कुणी अंगठा देणार असेल तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, घरी उमटवून आणलेला चालत नाही. एका मतदारसंघात चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते. त्यामुळे दोन-तीन संच वेगवेगळ्या दहा-दहा सूचकांचे ठेवा. मेहनत वाढते, पण एक संच उडाला तरी दुसरा उभा राहतो.

दुसरी जागा नमुना 26 च्या शपथपत्राची. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. मालमत्ता नसेल तिथे ‘निरंक’, संबंध नसेल तिथे ‘लागू नाही’ असं शब्दांत लिहा, रेघ ओढू नका. कोऱ्या रकान्याबद्दल अधिकारी आठवण देतो आणि तरीही तो भरला नाही तर अर्ज फेटाळता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, प्रलंबित गुन्हे, सगळं त्यात येतं. प्रत्येक पानावर सही करा आणि नोटरीचा शिक्का आहे ना ते तपासा.

तिसरी चूक साधी, पण जीवघेणी : उमेदवाराने घ्यायची राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यायलाच हवी. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ ग्राह्य नसते. अर्ज देऊन तिथल्या तिथेच शपथ उरकून घ्यावी, हे उत्तम.

अनामत 10,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 5,000. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. खर्चाची मर्यादा 40 लाख आहे आणि अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च तीत मोजला जातो. मंडपवाला असो की छापखाना, एका व्यक्तीला संपूर्ण काळात रोखीने 10,000 रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करा. पडलेले उमेदवार इथेच सुस्तावतात. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, म्हणजे पुढची महापालिका किंवा पोटनिवडणूकही हातची जाते.

प्रश्न : मोठा नेता व्हायला आधी नगरसेवक व्हावंच लागतं का? – एक वाचक, दादर

नियम तसा नाही, पण मुंबईत ती वाट भक्कम ठरलेली आहे. तुमच्याच दादरचे मनोहर जोशी पाहा. 1968 मध्ये नगरसेवक, 1976-77 मध्ये महापौर, बरीच वर्षं विधान परिषदेत, 1990 मध्ये दादरचे आमदार आणि विरोधी पक्षनेते, 1995 मध्ये मुख्यमंत्री. पुढे 2002 ते 2004 लोकसभेचे अध्यक्ष. म्हणजे मुख्यमंत्रिपदाआधी सत्तावीस वर्षं गेली. छगन भुजबळही आधी नगरसेवक, मग 1985 मध्ये माझगावचे आमदार आणि महापौर. पाणीपुरवठा, गटारं, अंदाजपत्रक यांची भाषा पालिकेत पक्की होते आणि विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) लावताना किंवा लक्षवेधी (महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मांडताना तीच कामी येते. प्रभागात केलेलं काम कागदावर ठेवा : पत्राची तारीख, विभाग कार्यालयाची पोच, मिळालेलं उत्तर. तिकीट मागताना नुसत्या फलकांपेक्षा हे वजनदार ठरतं, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आमदार नसताना मंत्री होता येतं? – एक वाचक, गिरगाव

येतं, पण सहा महिन्यांसाठी. तेवढ्यात विधानसभा किंवा विधान परिषदेत निवडून यावं लागतं. उद्धव ठाकरे यांनी 28 नोव्हेंबर 2019 ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि मे 2020 मध्ये ते परिषदेवर बिनविरोध गेले. मुदत संपताना राजीनामा द्यायचा आणि त्याच विधानसभेच्या काळात निवडून न येता पुन्हा शपथ घ्यायची, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पंजाबच्या प्रकरणात बंद केली आहे.