वाचक विचारतात : बारा हजारांचा फोन आणि तलावपाळीचे दिवे

मोबाइलवरच्या फोटोंबद्दल ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत बहुतेकांकडे दहा-पंधरा हजारांतला फोन आहे, आणि तक्रारही साधारण एकच: दुपारी बरे येतात, दिवेलागणीला बिघडतात. या फोनांमधला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, करंगळीच्या नखापेक्षा लहान असतो. त्यावर उजेड मुळातच कमी पडतो, आणि ती उणीव भरून काढण्याच्या खटपटीत फोनच फोटोचा विचका करतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत फोन बदलायचा सल्ला कुठेही नाही. उजेड कुठून आणायचा आणि हात कसा टेकवायचा, हे मात्र वारंवार येईल.

प्रश्न : तलावपाळीवर संध्याकाळी घरच्यांचे फोटो काढतो. मागचे दिवे फुगून पांढरे गोळे होतात आणि चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत येतात. नाइट मोड लावला तर माणसं हलतात. — वाचक, नौपाडा, ठाणे

तुमच्या पत्रात तीन वेगळे दोष आहेत, तेव्हा एकेक घेऊ.

दिवे फुगतात ते बहुधा लेन्सवरच्या तेलकट बोटांमुळे. फोन खिशातून काढताना तर्जनी नेमकी कॅमेऱ्यावर घासते. दिवसा हा थर कळत नाही, रात्री मात्र प्रत्येक दिव्याभोवती धुकं धरतं किंवा तिरकी रेघ उमटते. चष्म्याचं कोरडं, मऊ फडकं घ्या, लेन्सवर तोंडाने वाफ सोडा आणि हलक्या हाताने गोल पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं तर तेल जात नाही, पसरतं. लेन्सवर वेगळी काच चिकटवून घेतली असेल तर ती काढून एक फोटो काढून पाहा. त्या स्वस्त काचेत दिव्यांची उलटी प्रतिबिंबं पडतात आणि ती कुठल्याही सेटिंगने जात नाहीत.

चेहरे मेणासारखे होतात कारण अंधारात फोन आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत चढवतो. त्याने फोटोत दाणे येतात. दाणे घालवण्यासाठी फोन सगळं घोटून काढतो, आणि त्या घोटण्यात भुवया, केसांच्या बटा, साडीचा पोत हेही जातं. त्यात ब्यूटी फिल्टर चालू असेल तर विचारायलाच नको. अनेक फोनांत तो आधीपासून चालू असतो. पोर्ट्रेट मोडमध्ये त्याचा वेगळा खटका असतो, तोही शून्यावर आणा.

आता हलण्याबद्दल. या किमतीच्या बहुतेक फोनांत लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा नसते. व्हिडिओत जी स्थिरता दिसते ती चौकट कापून साधलेली असते, फोटोला तिचा उपयोग नाही. नाइट मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो. तलाव, मंदिर, कमान असं न हलणारं काही असेल तर हा मोड छान चालतो. तेव्हा फोन कठड्यावर टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. माणसांसाठी मात्र नाइट मोड बंद. त्यांना दुकानाच्या उजळ काचेसमोर किंवा पांढऱ्या दिव्यासमोर आणा, पण दिवा डोक्यावर नको, तोंडासमोर हवा. मग चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथेच बांधला जाईल. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते किंचित खाली ओढा. दिवे आटोक्यात येतील.

सगळ्यात मोठा फरक वेळेने पडतो. सूर्य मावळल्यावर १५ ते २५ मिनिटं आकाशात निळा उजेड असतो आणि दिवेही लागलेले असतात. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. त्या हिशोबाने पोहोचा. रात्री साडेआठला तेच दृश्य काळं आकाश आणि पांढरे ठिपके एवढंच उरतं.

प्रश्न : फोन ५० मेगापिक्सेलचा आहे, पण फोटो १२ चेच निघतात. दुकानदाराने फसवलं का? — निवृत्त शिक्षक, कोपरखैरणे

नाही. या सेन्सरमध्ये एका रंगाच्या गाळणीखाली शेजारशेजारचे चार पिक्सेल बसवलेले असतात. फोन चारांची बेरीज करून एक करतो, म्हणून ५० भागिले ४, साधारण साडेबारा. उजेड गोळा करायला तेच बरं. पूर्ण ५० चा मोड भर उन्हात, दूरच्या इमारतीवर किंवा झाडीवर वापरून पाहा. बारकावे थोडे वाढतील, फाइल बरीच मोठी होईल आणि सावली-उन्हाचा तोल साधारण बिघडेल. सावलीत किंवा घरात तो मोड उघडूच नका.

खरी फसगत झालीच तर ती मागच्या जास्तीच्या डोळ्यांची. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून काढायचा) आणि २ मेगापिक्सेलचा डेप्थ (अंतर मोजणारा) कॅमेरा हे संख्या भरण्यापुरतेच असतात. फुलाचा जवळून फोटो हवा असेल तर मुख्य कॅमेऱ्याने वीतभर अंतरावरून काढा आणि नंतर कापा. मॅक्रोपेक्षा सरस येईल.

प्रश्न : घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. फोटोत मोदक राखाडी दिसतात, पोळी सपाट पिवळी, आणि कधी कधी फोटोवर आडवे पट्टे येतात. ओट्यावर ट्यूबलाइट आहे, खिडकी लहान आहे. — वाचक, पाचपाखाडी, ठाणे

लहान खिडकी चालेल. ट्यूबलाइट बंद करा, इथूनच सुरुवात.

पट्टे त्या दिव्याचेच आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळपट येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा अँटी-बँडिंग असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा मोड) असेल तर शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच ताटावर पडला तर फोनला दोन्ही एकदम सावरता येत नाहीत. म्हणून दिवा एकच ठेवायचा, आणि शक्यतो तो खिडकीचा.

मोदक राखाडी का? फोन सगळं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या मोदकांनी चौकट भरली की त्याला ते फार उजळ वाटतं आणि तो अंधार करतो. मोदकावर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह वर सरकवा. प्रो मोडमध्ये एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची पातळी, अधिक ०.३ ते अधिक ०.७. त्याहून वर गेलात तर कळ्यांच्या रेघा पुसल्या जातात, आणि मोदकाची सगळी शान त्या कळ्यांतच असते. काळ्या तव्यावरच्या पोळीला नेमकं उलट: उणे ०.३.

मांडणी अशी करा. ताट खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, उजेड एका बाजूने. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर जुनं पांढरं धोतर किंवा पातळ ओढणी आडवी टांगा. ताटाच्या दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी पाटी उभी करा, ताटाला जवळजवळ टेकून. सावलीची बाजू तिच्याने उजळते. पाटी काढून एक आणि लावून एक असे दोन फोटो काढून शेजारी ठेवा, पुन्हा पाटी विसरणार नाही.

पुरणपोळीला हा उजेड जितका तिरका, आडवा मिळेल तितके तिचे डाग आणि फुगवटे उठून दिसतात. तूप चमकायला हवं असेल तर ताट असं फिरवा की खिडकी तुमच्या समोर, ताटाच्या मागे येईल. मोदकाची वाफही याच कोनात दिसते, पण मागे गडद काहीतरी हवं आणि झाकण काढल्यावर मिनिटाभरात फोटो व्हायला हवा. सगळी तयारी आधी एखाद्या रिकाम्या वाटीवर करून घ्या.

फोन ताटाच्या फार जवळ नेऊ नका. १५ सेंटिमीटरवरून काढलं तर पुढचा मोदक नारळाएवढा आणि मागचा सुपारीएवढा दिसतो, शिवाय मागचे धूसर होतात. दीड-दोन फूट मागे या आणि २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरा. चांगल्या उजेडात ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरला तेवढं झेपतं. स्टीलच्या ताटात छत, पंखा आणि तुमचा हात दिसतो, त्यापेक्षा केळीचं पान किंवा पितळी ताट बरं.

संपादनात फार खेळ नको. स्नॅपसीड हे ॲप फुकट आहे. त्यात व्हाइट बॅलन्सने पांढरं नीट पांढरं करा आणि थांबा. सॅच्युरेशन वाढवलेली पोळी हळदीची दिसते, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडणारी पोळी त्या रंगाची नसते.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला जातो. फोनमध्ये १०एक्स झूम आहे तरी पक्ष्यांचे गुलाबी चिखलगोळे येतात. काही उपाय? — कॉलेज विद्यार्थी, ऐरोली

तो १०एक्स म्हणजे नुसतं कापून ताणणं आहे. हिशोब पाहा. साध्या फोनचा मुख्य कॅमेरा १०० मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचं दृश्य पकडतो आणि त्यासाठी त्याच्याकडे आडवे ४०८० पिक्सेल असतात. म्हणजे मीटरभर उंच पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ३० पिक्सेल. त्यातून चोच, डोळा काढणार कुठून?

दोन मार्ग आहेत. पहिला, पक्षी न काढता थवा काढा. झूम १ किंवा २ वर ठेवा, चौकटीत पाणी, कांदळवन, पलीकडच्या इमारती येऊ द्या. नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून खाडी पश्चिमेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं, तेव्हा गुलाबी रंग खुलतो. संध्याकाळी सूर्य समोर, तेव्हा काळ्या आकृत्यांचे फोटो काढा: आकाशावर बोट दाबून उजेड बांधा आणि खाली ओढा. ठाण्याच्या बाजूने पाहाल तर हेच उलटं.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण कुणाकडून मागून आणा. तिच्या डोळ्याकडच्या रबरी कडा दुमडा, मुख्य कॅमेऱ्याची लेन्स बरोबर मध्ये धरा. आधी दुर्बिणीचा फोकस डोळ्याने जुळवून घ्यायचा, मग फोन लावायचा. पडद्यावर काळी गोल कड दिसेल, ती जाईपर्यंत झूम दीड-दोनपर्यंत वाढवा. फोन आपोआप मॅक्रोवर उडी मारत असेल तर ते बंद करा. दुर्बीण कठड्यावर टेकलेली हवी, नाहीतर आठपट मोठा पक्षी आठपट हलतो. ते ३० पिक्सेल आता २४० झाले. मासिकाच्या मुखपृष्ठाला नाही पुरायचे, ओळख पटवायला मात्र पुरतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर पांगून चरतात. भरतीला चिखल बुडतो, मग ते नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर गोळा होतात आणि काठावरून बरेच जवळ मिळतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटफेऱ्याही भरतीवरच ठरतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी उडावेत म्हणून दगड मारणारे 'फोटोग्राफर' तिथे दिसले तर त्यांना खुशाल हटका.

प्रश्न : पावसाळ्यात एसी ऑफिसातून बाहेर पडून फोटो काढला की सगळं धुरकट येतं. फोन बिघडला आहे का? — वाचक, वाशी

थंड काचेवर दमट हवेतलं पाणी बसतं, एवढंच. पुसून उपयोग नाही, लगेच पुन्हा बसतं. पाच-दहा मिनिटं फोनला बाहेरच्या हवेत राहू द्या. दमटपणा काचेच्या आतून दिसत असेल आणि तासाभरानेही जात नसेल तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा. पावसात स्क्रीनवर थेंब पडले की फोन त्यांनाच बोट समजतो, म्हणून फोटो आवाजाच्या बटणाने काढा. आणि फ्लॅश बंद ठेवा. तो जवळचे थेंब पांढरे करतो, लांबचा पाऊस नाही.

प्रश्न : मित्र म्हणतो जीकॅम टाक, फोन दुप्पट चांगला होईल. टाकू का? — वाचक, घणसोली

जीकॅम हे गुगलने आपल्या पिक्सेल फोनांसाठी केलेलं ॲप. इतर फोनांसाठी मिळतात त्या हौशी लोकांनी फेरफार केलेल्या आवृत्त्या. त्या प्ले स्टोअरबाहेरून घ्याव्या लागतात. फोनशी जुळली तर रात्रीचे फोटो खरोखर सुधारतात. न जुळली तर ॲप बंद पडतं किंवा फोटो हिरवट येतात. पण ज्या फोनवर तुमचं यूपीआय आणि बँक आहे, त्यावर कुठून तरी आलेली एपीके (ॲप बसवायची) फाइल टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शटर-आयएसओ हातात हवे असतील तर प्ले स्टोअरवर ओपन कॅमेरा फुकट मिळतं. जादू नाही करत, पण तुमच्या फोनने मुभा दिली असेल तेवढं ताब्यात देतं.

प्रश्न : नातवाच्या बारशाचे फोटो मोठे छापायला दिले तर फुटले. फोनवर तर सुरेख दिसत होते. — आजी, कळवा

आजी, ते फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले असणार. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो ते लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. नीट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १२ बाय ८ इंचांना ३६०० बाय २४००. मूळ फोटो बहुधा ४०८० बाय ३०६० चा असेल, तो सहज पुरतो. ज्याने फोटो काढला त्याला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, तेव्हा फाइल जशीच्या तशी येते. एचडीचं बटण साध्यापेक्षा बरं, पण तेही आकार दाबतंच. आलेली फाइल मुलाकडून पेन ड्राइव्हवर घ्या आणि तोच पेन ड्राइव्ह स्टुडिओत द्या. तिथल्या पोराला पुन्हा व्हॉट्सॲप केलात तर परत १६०० वर याल.