दुसरी लेक घरी आणताना

तुम्ही दोघं दुसरी मुलगी दत्तक घ्यायचा विचार करताय, हे वाचून फार आनंद झाला. आधी कायद्याचं सांगते. घरात मुलगी असताना १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने दुसरी मुलगी घेता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे येते. म्हणून ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवरच नोंदणी करा. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, मूल कसं रुळतंय याचा पाठपुरावा होतो, त्याचं दडपण नको.

खरी तयारी थोरलीची. बाळ आल्यावर पाहुण्यांनी आधी तिला जवळ घ्यावं, हे आजी-आजोबांना आत्ताच सांगून ठेवा. दोघींच्या जन्मकथा वेगळ्या असतील. एकीची कथा दुसरीला तुम्ही सांगू नका, ती जिची तिनेच सांगायची. “सख्ख्या का?” असं कोणी विचारेलच (लग्नकार्यात हमखास!), तेव्हा मुलींसमोर ठामपणे “हो” म्हणा.

आमच्या दोघी कडाकडा भांडतात. पण शाळेत धाकटीला कोणी काही बोललं, तर थोरली सगळ्यांच्या आधी तिथे उभी असते. त्या दोघींचा मला इतका अभिमान वाटतो की सांगताना ऊर भरून येतो. तेव्हा भांडणांना घाबरू नका, दर वेळी मध्ये पडू नका. दत्तकाआधी सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन पाहणी करतात, त्या गृहभेटीच्या अहवालाबद्दल काही अडलं तर विचारा.