स्वस्त विजेच्या आधी न जाणारी वीज

तुम्ही विचारलंय: गोव्यात लघुउद्योग सुरू करायचाय, तर सरकारच्या ऊर्जा धोरणात उद्योगाच्या दृष्टीने पहिलं काय हवं, स्वस्त दर की सौरऊर्जा? माझ्या मते दोन्ही नंतर. आधी वीज जायची थांबली पाहिजे.

फोंडा तालुक्यात माझा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण २२० अंशांवर वितळवून साच्यात भरतो. गेल्या जूनमध्ये वाऱ्याने माडाचं चुडत (झावळी) तारांवर पडलं आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून आमच्या भागाला वीज आणणारी वाहिनी, ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. बारा मिनिटांत वीज आली, पण तोवर साच्यातला माल थिजला होता. कामगाराने तो पितळी सळीने उकरून काढला. पोलादी सळी लावली तर साच्यावर ओरखडा उठतो. मग हीटर तापायची वाट, बॅरलमधला (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतला) करपलेला माल बाहेर काढणं. पहिला धड नग निघेपर्यंत पाऊण तास गेला. त्या दिवशी असं तीनदा झालं. हे नुकसान वीजबिलात कुठेच दिसत नाही. दर तर आपल्याकडे शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा कमीच आहेत.

छतावर सोलर जरूर बसवा, मीही बसवलंय. पण वीज गेली की ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तारांवर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन असूनही मशीन बंदच. म्हणून अनुदान द्यायचंच तर नुसत्या पॅनेलला नको, सोबतच्या बॅटरीलाही द्या. शंभर किलोवॅट किंवा जास्त मंजूर भार असेल तर २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार बाहेरून थेट हरित वीजही घेता येते, पण तीही त्याच तारांवरून येणार.

गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती जवळजवळ नाहीच. कोरबा, विंध्याचल अशा लांबच्या केंद्रांतून वीज येते, त्यामुळे राज्यात यायला आणखी एक भक्कम वाट हवीच. त्यासाठीच आखलेल्या तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीवरून, गोव्यातल्या मोलेचं जंगल वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आम्हा उद्योजकांतले काही जण त्यांना विकासविरोधी म्हणाले. मला ते पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नवी वाहिनी आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या मार्गाने न्यायला सांगितलं. तेच पहिल्यापासून ठरलं असतं तर वर्षं वाचली असती.

तरी मोठी वाहिनी आली म्हणून माझ्या फीडरवरचं चुडत पडायचं थांबणार नाही. २०२१ च्या तौक्ते वादळात कित्येक गाव दिवसेंदिवस अंधारात होते, ते पडलेल्या झाडांमुळे आणि मोडलेल्या खांबांमुळे. औद्योगिक वसाहतींचे फीडर आधी भूमिगत करा, एका बाजूने बिघाड झाला तर दुसरीकडून वीज देता यावी अशी जोडणी करा, आणि कुठला फीडर महिन्याला किती वेळा ट्रिप झाला ते लोकांसमोर ठेवा. पैसा आधी इथे जायला हवा.

तुम्ही प्लॉट बघायला जाल तेव्हा शेजारच्या कारखान्यात जनरेटरची लॉगबुक मागून बघा. जून-जुलैची पानं आधी उघडा.