नॉर्थ लॉनडेलमध्ये सेवेला यायचं असेल तर

पाळकसाहेब, जय ख्रिस्त.

अहिल्यानगरहून शिकागोला यायचं आणि नॉर्थ लॉनडेलसारख्या खचलेल्या वस्तीत कृष्णवर्णीय, मेक्सिकन, गोरे, भारतीय अशा सगळ्यांची एकच मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायची, तर सुरुवात कुठून करावी, असं आपण विचारलंत. माझं ठाम मत असं की नवी मंडळी काढू नका. निदान दोन वर्षं तिथल्याच एखाद्या चालत्या मंडळीत, स्थानिक पाळकांच्या हाताखाली काम करा.

व्हिसासाठीही हाच मार्ग सोपा आहे. धर्मसेवकांच्या आर-1 व्हिसाचा अर्ज तुम्ही नाही, अमेरिकेतली मंडळी करते, आणि त्याला आयआरएसचं, म्हणजे तिथल्या करखात्याचं, करमुक्तीचं पत्र जोडावं लागतं. गोंधळ इथेच होतो. कायद्याने चर्चला करमाफी आपोआप मिळते, त्यामुळे कित्येक लहान मंडळ्यांनी ते पत्र कधी घेतलेलंच नसतं. नव्याने घ्यायचं तर फॉर्म 1023 हा करमुक्तीचा अर्ज, 600 डॉलर फी आणि महिनोन्‌महिने वाट. पंथाच्या नावे सामुदायिक पत्र असेल तर तेही चालतं. तुम्ही अर्जाआधीची सलग दोन वर्षं त्याच पंथाचे सभासद असायला हवं. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असाल, तर सीएनआयशी कागदोपत्री नातं दाखवता येईल असाच पंथ निवडा. बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या नोंदवहीचा उतारा आणि बिशपांचं पत्र आत्ताच तयार ठेवा. काम आठवड्याला किमान 20 तास हवं, आणि मानधन किंवा राहण्या-जेवणाची सोय कागदावर दिसायला हवी. ‘स्वखर्चाने राहीन’ एवढ्यावर सहसा भागत नाही. पहिली मुदत जास्तीत जास्त 30 महिने, एकूण 5 वर्षं. पत्नीला आर-2 या कुटुंबीयांच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून एका मानधनात घर चालेल का ते आधी मांडून पाहा. हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल त्यात धरायला विसरू नका.

आता वस्तीबद्दल. 1950च्या दशकात कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली तशी गोरी कुटुंबं निघून गेली. बँका तिथे कर्ज देत नसत, म्हणून घरं करारावर विकली गेली: एखादा हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग याच वस्तीत भाड्याने राहिले. 1968 मध्ये त्यांच्या हत्येनंतर दुकानं जळाली, पुढे सीअर्स या मोठ्या दुकान-कंपनीचं तिथलं मुख्यालयही हललं. 1960 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास असलेली वस्ती आज त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. बाहेरून येऊन निघून जाणारी माणसं या लोकांनी खूप पाहिली आहेत. आपण गोरे नाही म्हणून विश्वास आपोआप बसेल, हे मनातून काढून टाका. अशा वस्त्यांमध्ये आशियाई चेहरा बऱ्याचदा काचेमागच्या दुकानदाराचा असतो, संध्याकाळी शटर ओढून उपनगरात जाणाऱ्याचा. नेपरव्हिलसारख्या उपनगरात घर घेऊन रविवारी गाडीने येणार असाल, तर तुम्हीही त्यातलेच ठराल.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मसेवक जॉन पर्किन्स यांनी अशा वस्त्यांतल्या सेवेसाठी तीन गोष्टी शिकवल्या: तिथेच राहणं, समेट, आणि साधनांची वाटणी. लॉनडेल कम्युनिटी चर्च याच वाटेने उभं राहिलं. त्याचे संस्थापक पाळक वेन गॉर्डन आधी तिथल्या हायस्कूलात शिक्षक आणि प्रशिक्षक होते. मंडळी 1978 मध्ये सुरू झाली आणि आरोग्य केंद्र 1984 मध्ये.

कोणताही एक गट 80 टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर अभ्यासक त्या मंडळीला बहुवांशिक म्हणतात. मला हे माप अपुरं वाटतं. बाकांवर सगळे रंग दिसतात, पण चेकवर सही, व्यासपीठ आणि किल्ल्या एकाच गटाकडे राहतात. मग बाकीचे हळूहळू गळतात. कमिटीत पहिल्या दिवसापासून निम्म्याहून जास्त लोक वस्तीतले असू द्या. दक्षिणेला लागूनच लिटल व्हिलेज ही मेक्सिकन वस्ती आहे, त्यामुळे स्पॅनिश लागणारच. वाक्यागणिक भाषांतर केलं की 30 मिनिटांचा उपदेश तासावर जातो आणि मुलं कंटाळतात. हेडसेटवर सोबतच भाषांतर ठेवा. मात्र हेडसेट कायम स्पॅनिश बोलणाऱ्यांच्याच कानाला नको. अधूनमधून उपदेश स्पॅनिशमध्ये होऊ द्या, इंग्रजीवाल्यांनी हेडसेट लावावा. मुलांच्या वर्गात नेहमी दोन प्रौढ हवेत, दोघांचीही पार्श्वभूमी तपासलेली.

होकार देण्याआधी त्या मंडळीकडून आयआरएसचं पत्र, मानधनाचा लेखी आकडा आणि कमिटीची यादी मागवा. यादीतले किती जण वस्तीत राहतात, तेही विचारा.