ल्युटीनच्या गोळ्या घेतल्याने चष्म्याचा नंबर कमी होतो का?

नाही, ल्युटीनच काय, कोणत्याही गोळीने चष्म्याचा नंबर उतरत नाही. नंबर ठरतो तो मुख्यतः डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा) बाक यांवरून, आणि ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य तिथे काहीच करत नाही. ते जाऊन साठतं डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युला नावाच्या पिवळ्या ठिपक्यात. त्यामुळे त्याचा उपयोग झालाच तर तिथल्या आजारात होतो. वयोमानानुसार मॅक्युला झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यावर असेल, तर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने अभ्यासलेलं 'एरेड्स २' हे मिश्रण तो पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका कमी करतं. गेलेली नजर मात्र परत येत नाही. या मिश्रणात रोजचं प्रमाण असं:

- ल्युटीन १० मिग्रॅ, झिअॅक्सँथिन (ल्युटीनसारखंच रंगद्रव्य) २ मिग्रॅ
- क जीवनसत्त्व ५०० मिग्रॅ, ई जीवनसत्त्व ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक)
- झिंक ८० मिग्रॅ, तांबं २ मिग्रॅ

तांबं उगाच घातलेलं नाही. एवढ्या झिंकमुळे शरीरातलं तांबं कमी पडू शकतं. याच अभ्यासात (२०१३) ओमेगा-३ घालूनही जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि मोतीबिंदूही थांबला नाही. विकत घेण्याआधी डबीच्या मागची बारीक अक्षरं नक्की वाचा: बीटा कॅरोटीन लिहिलेलं असेल आणि तुम्ही धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी करत होता, तर ती डबी घेऊ नका, त्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मॅक्युलाचा आजार आहे की नाही हे बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावरच कळतं, म्हणून गोळ्यांआधी ती तपासणी करून घ्या.